प्रॉक्सी सेवेच्या कामगिरीवर देखरेख: विनंतीचा वेळ नेमका कुठे जातो हे शोधण्याची रीत

प्रॉक्सी सांभाळणाऱ्याकडे येणारी तक्रार बहुधा एकाच वाक्याची असते: "प्रॉक्सीमुळे सगळे हळू चालले आहे." कोणती विनंती, किती वाजता, किती वेळ लागला आणि त्यातला किती वेळ प्रॉक्सीचा स्वतःचा होता, यांपैकी काहीच त्या वाक्यात नसते, आणि या प्रश्नांची उत्तरे देणारी मोजमापे ज्याच्याकडे आधीपासून तयार नसतात, त्याला प्रॉक्सी पुन्हा सुरू करून वाट पाहण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. प्रॉक्सी वापरणारा आणि मागचा सर्व्हर या दोघांच्या मध्ये उभी असते. त्यामुळे मागच्या सर्व्हरची सुस्ती, वापरणाऱ्याचे कमकुवत नेटवर्क, डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेची दिरंगाई, हे सगळे तिच्याच खात्यावर जमा होते. ज्यांच्याकडे प्रॉक्सीची जबाबदारी पहिल्यांदाच आली आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे, आणि त्यातली प्रत्येक पायरी एकाच प्रश्नाकडे जाते: विनंतीचा वेळ कोणाच्या हातात असताना गेला?

पायरी १: दोन बाजू कागदावर काढा

फॉरवर्ड प्रॉक्सी वापरणाऱ्यांच्या वतीने बाहेरच्या जगाशी बोलते. रिव्हर्स प्रॉक्सी सर्व्हरच्या वतीने वापरणाऱ्यांना सामोरी जाते. १९९६ पासून चालत आलेला स्क्विड प्रामुख्याने पहिल्या कामासाठी ओळखला जातो, तर २००१ मधला एचएप्रॉक्सी, २००४ मध्ये सर्वांसाठी खुला झालेला एनजिनएक्स आणि २०१६ मधला एन्व्हॉय हे बहुतेक ठिकाणी दुसऱ्या कामावर दिसतात. रचना वेगवेगळ्या असल्या तरी मोजमाप करणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: प्रत्येक विनंतीमागे दोन स्वतंत्र जोडण्या असतात, एक वापरणाऱ्याकडून प्रॉक्सीपर्यंत आणि दुसरी प्रॉक्सीकडून मागच्या सर्व्हरपर्यंत.

कागदावर तीन चौकोन काढून त्यांच्यामधल्या दोन रेषांना पुढची बाजू आणि मागची बाजू अशी नावे द्यावीत. यापुढे जे काही मोजाल ते कोणत्या रेषेवरचे आहे, हे त्या आकड्याशेजारी लिहिण्याची सवय लावून घ्यावी. "जोडण्या ८००" या नोंदीला अर्थ नाही. "पुढच्या बाजूला ८००, मागच्या बाजूला ४०" ही नोंद मात्र जोडण्यांचा पुनर्वापर चांगला होत असल्याचे किंवा विनंत्या आतल्या रांगेत अडकल्याचे सुचवते, आणि या दोहोंपैकी खरे काय ते पुढच्या पायरीतल्या वेळांवरून ठरते.

पायरी २: लॉगमध्ये वेळेचे तुकडे येऊ द्या

माझ्या मते सगळ्या देखरेखीतली ही सर्वांत मोलाची पायरी आहे, आणि नवीन माणूस नेमकी हीच सोडून थेट आलेख काढायला बसतो. एनजिनएक्सच्या लॉगचे जे सर्रास वापरले जाणारे रूप आहे, ज्याला 'कंबाइन्ड' म्हणतात, त्यात विनंतीला किती वेळ लागला हे मुळी लिहिलेच जात नाही. पत्ता असतो, तारीख असते, स्टेटस कोड असतो, किती बाइट गेले तेही असते, लागलेला वेळ तेवढा नसतो. म्हणून लॉगचे रूप बदलून त्यात वेळेचे किमान चार आकडे घालावेत: विनंतीचा एकूण वेळ, मागच्या सर्व्हरशी जोडणी होईपर्यंतचा वेळ, त्याच्याकडून प्रतिसादाचे हेडर येईपर्यंतचा वेळ आणि पूर्ण प्रतिसाद मिळेपर्यंतचा वेळ. एनजिनएक्समध्ये यांची नावे अनुक्रमे रिक्वेस्ट_टाइम, अपस्ट्रीम_कनेक्ट_टाइम, अपस्ट्रीम_हेडर_टाइम आणि अपस्ट्रीम_रिस्पॉन्स_टाइम अशी आहेत; अपस्ट्रीम म्हणजे मागचा सर्व्हर. सोबत अपस्ट्रीम_स्टेटस हे क्षेत्रही घ्यावे. त्याची गरज पाचव्या पायरीत लागेल.

या वेळांची तुलना कशी करायची ते पाहू. एकूण वेळ ४ सेकंद आणि मागच्या सर्व्हरचा वेळ ०.०५ सेकंद असेल, तर सर्व्हरने आपले काम केव्हाच संपवले होते. एकूण वेळेचे घड्याळ वापरणाऱ्याकडून पहिला बाइट आल्यापासून त्याच्याकडे शेवटचा बाइट रवाना होईपर्यंत चालते, म्हणून उरलेला काळ बहुधा वापरणाऱ्याच्या संथ नेटवर्कवर प्रतिसाद पोहोचवण्यात किंवा त्याने पाठवलेली मोठी फाइल घेण्यात गेलेला असतो. याउलट दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतील तर चौकशी मागच्या बाजूला न्यावी. अपस्ट्रीमच्या क्षेत्रात कधीकधी स्वल्पविरामाने जोडलेले वेळेचे दोन आकडे दिसतात. पहिल्या सर्व्हरकडे प्रयत्न फसला आणि प्रॉक्सीने गुपचूप दुसऱ्याकडे विनंती नेली, असा त्याचा अर्थ. वापरणाऱ्याला २०० हा यशाचा कोड मिळालेला असतो, त्यामुळे अशा झाकलेल्या अपयशांची वेगळी मोजणी ठेवली नाही तर एक सर्व्हर आजारी असल्याचे दुसरा आजारी पडेपर्यंत कळत नाही.

एचएप्रॉक्सीचा एचटीटीपी लॉग या बाबतीत अधिक उदार आहे. त्यात तिरक्या रेघांनी तोडलेले पाच आकडे मिलिसेकंदांत येतात. समजा एका ओळीत असे दिसले:

०/०/१००३/४२/१०४७

पहिला आकडा वापरणाऱ्याकडून विनंती पूर्ण मिळायला लागलेला वेळ, दुसरा रांगेत थांबलेला वेळ, तिसरा मागच्या सर्व्हरशी जोडणी व्हायला लागलेला वेळ, चौथा त्या सर्व्हरने प्रतिसादाचे हेडर द्यायला घेतलेला वेळ आणि पाचवा विनंतीचा एकूण वेळ. सर्व्हरने ४२ मिलिसेकंदांत उत्तर दिले आहे, रांग रिकामी होती, आणि तरीही विनंतीला एक सेकंदाहून जास्त वेळ लागला, कारण नुसती जोडणी व्हायला १००३ मिलिसेकंद गेले. हा आकडा १००० च्या इतका जवळ का आहे? जोडणी सुरू करणारे पहिले पॅकेट हरवले तर लिनक्स साधारण १ सेकंद थांबून ते पुन्हा पाठवते, तेही हरवले तर ६.५ आवृत्तीआधीचे लिनक्स त्यानंतर २ सेकंदांनी, मग ४ सेकंदांनी पाठवते, आणि ६.५ पासूनचे लिनक्स सुरुवातीचे काही प्रयत्न १-१ सेकंदाच्या अंतराने करते. म्हणून जोडणीचे वेळ १, ३ आणि ७ (नव्या आवृत्त्यांत १, २ आणि ३) सेकंदांच्या आसपास गोळा झालेले दिसले, तर नेटवर्कवर पॅकेटे हरवत आहेत किंवा समोरच्या सर्व्हरची स्वीकारण्याची रांग भरून वाहते आहे, असे समजून चौकशी सुरू करावी. एखाद्या जागी −१ दिसले तर तो टप्पा पूर्ण झालाच नाही, असे समजावे.

५ सेकंदांचा आकडाही असाच बोलका आहे. लिनक्सवर डीएनएसला विचारणारी नेहमीची यंत्रणा एका नेमसर्व्हरच्या उत्तरासाठी मुळात ५ सेकंद थांबते आणि मग पुढच्या नेमसर्व्हरकडे वळते. विनंत्यांचा एक ठरावीक हिस्सा ५ सेकंदांहून थोडा जास्त वेळ घेत असेल, तर यादीतला एखादा नेमसर्व्हर बंद पडला आहे का, हे आधी तपासावे. प्रॉक्सीची स्वतःची डीएनएस यंत्रणा असेल तर तिची मर्यादा निराळी असू शकते, ती सेटिंगमधून पाहून घ्यावी.

स्क्विडच्या लॉगमध्ये प्रत्येक ओळीत दुसरा आकडा हा एकूण वेळ असतो, मिलिसेकंदांत. इथे एक मोठा खड्डा आहे. एचटीटीपीएसची वाहतूक फॉरवर्ड प्रॉक्सीतून जाते तेव्हा ब्राउझर कनेक्ट या पद्धतीने एक बोगदा उघडून घेतो. आत काय चालले आहे ते प्रॉक्सीला दिसत नाही, आणि लॉगमध्ये त्या बोगद्याचे संपूर्ण आयुष्य एका ओळीत नोंदले जाते. कोणी एखादे पान दहा मिनिटे उघडे ठेवले तर तिथे ६००००० मिलिसेकंद दिसतात, आणि त्यात हळूपणाचा लवलेशही नसतो. आजच्या स्क्विडमध्ये अशा ओळींवर टीसीपी_टनेल असा शिक्का असतो. या ओळी प्रतिसादाच्या वेळेच्या हिशोबातून पूर्णपणे बाजूला काढाव्यात आणि त्यांची फक्त संख्या व बाइट मोजावेत. रिव्हर्स प्रॉक्सीवरच्या, दीर्घकाळ उघड्या राहणाऱ्या वेबसॉकेट जोडण्यांनाही हाच नियम लागू आहे.

पायरी ३: एकच विनंती दोन वाटांनी पाठवून पाहा

लॉग प्रॉक्सीच्या नजरेने लिहिलेला असतो, त्यामुळे वापरणाऱ्याच्या जागेवरून दिसणारे चित्र वेगळे मिळवावे लागते. कर्ल हे आज्ञा लिहून विनंती पाठवण्याचे साधन त्यासाठी पुरेसे आहे. विनंतीतला प्रत्येक टप्पा किती वेळाने पूर्ण झाला ते त्याला छापायला सांगता येते: नाव सापडले, जोडणी झाली, टीएलएसची (सुरक्षित जोडणी ठरवण्याची) बोलणी संपली, पहिला बाइट आला, सगळे संपले. हे आकडे सुरुवातीपासून धरलेले असतात, म्हणजे एका टप्प्याला लागलेला वेळ काढायचा तर आधीच्या टप्प्याचा आकडा वजा करावा लागतो. पुष्कळ जण ही वजाबाकी विसरतात आणि टीएलएसला अवाजवी दोष देतात.

एकदा प्रॉक्सीतून आणि एकदा थेट, अशा त्याच पत्त्यावर एकापाठोपाठ किमान वीस-वीस विनंत्या पाठवाव्यात. एकेका विनंतीवरून निष्कर्ष काढू नये, कारण पहिलीने डीएनएसचे उत्तर साठवून ठेवलेले असते आणि दुसरीला ते फुकट मिळते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: फॉरवर्ड प्रॉक्सीतून जाताना कर्ल ज्या नावाचा शोध घेतो ते सर्वसाधारणपणे प्रॉक्सीचे नाव असते, लक्ष्यस्थळाचे नाव प्रॉक्सी स्वतः शोधते, आणि तो वेळ पुढच्या टप्प्यांत मिसळून जातो.

हीच चाचणी मग यंत्राकडे सोपवावी. दर ३० सेकंदांनी किंवा मिनिटाला प्रॉक्सीतून एक विनंती स्वतःच्या ताब्यातल्या एखाद्या लहान, न साठवल्या जाणाऱ्या पानाकडे जावी आणि तिचा निकाल नोंदला जावा. परक्या संकेतस्थळाकडे अशी विनंती पाठवत राहू नये. ते स्थळ बंद पडले की आपली प्रॉक्सी बंद पडल्याची खोटी सूचना येते. ही तपासणी करणारा प्रोग्राम प्रॉक्सीच्याच मशीनवर ठेवला तर नेटवर्कचा बिघाड त्याला दिसणार नाही, म्हणून तो वापरणारे जिथून येतात तशा ठिकाणी असावा.

पायरी ४: चार मोजमापे, आणि सरासरीपासून सावधगिरी

गूगलच्या अभियंत्यांनी रूढ केलेली चार मोजमापे प्रॉक्सीला चपखल बसतात: प्रतिसादाला लागणारा वेळ, वाहतूक, चुका आणि क्षमतेचा किती भाग वापरात आहे ते. वाहतूक मोजताना सेकंदाला किती विनंत्या, किती नवीन जोडण्या आणि किती बाइट हे तिन्ही वेगवेगळे ठेवावे, कारण मोठ्या फाइलींचा भार आणि बारीक विनंत्यांचा भार प्रॉक्सीला वेगवेगळ्या ठिकाणी दमवतो.

वेळेच्या बाबतीत सरासरी फसवते. १०० विनंत्यांपैकी ९८ विनंत्यांना ४० मिलिसेकंद आणि दोघींना ५००० मिलिसेकंद लागले असे धरू. सरासरी येते १३९ मिलिसेकंद. प्रत्यक्षात १३९ मिलिसेकंद एकाही विनंतीला लागलेले नाहीत. बहुतेकांचा अनुभव याहून कितीतरी चांगला आहे आणि दोघांचा फारच वाईट. त्याऐवजी पर्सेंटाइल, म्हणजे शेकडा इतक्या विनंत्या ज्या वेळेत पूर्ण झाल्या तो आकडा, पाहावे: ५० वे ४०, ९५ वे ४०, आणि ९९ वे ५०००. तीन आकड्यांत खरी परिस्थिती उघडी पडते. एकच पान उघडायला ब्राउझर डझनावारी विनंत्या करतो, तेव्हा शंभरात दोन हे प्रमाण दिसते तितके क्षुल्लक नाही.

पर्सेंटाइलची सरासरी मात्र कधीही काढू नये. तीन प्रॉक्सी मशीनची ९९ वी पर्सेंटाइल मिळवून तिनाने भागले तर येणारा आकडा कशाचाच नसतो. त्यासाठी प्रत्येक मशीनने किती विनंत्या ५० मिलिसेकंदांच्या आत झाल्या, किती १०० च्या आत, किती २५० च्या आत, अशा कप्प्यांची मोजणी द्यावी. कप्पे एकमेकांत मिळवता येतात आणि मिळवल्यावर पर्सेंटाइल काढता येते. कप्प्यांच्या सीमा तुम्हाला ज्या मर्यादेची काळजी आहे तिच्याजवळ दाट ठेवाव्यात. मर्यादा ३०० मिलिसेकंदांची आणि कप्पे १०० नंतर थेट १००० चे, अशी रचना असेल तर मधले सगळे अंदाजाने भरले जाते.

पायरी ५: चूक कोणाची ते वेगळे करा

५०२, ५०३ आणि ५०४ हे तीन कोड प्रॉक्सी सांभाळणाऱ्याच्या रोजच्या ओळखीचे असतात. ढोबळमानाने ५०२ म्हणजे मागून धड प्रतिसाद मिळाला नाही किंवा जोडणीच झाली नाही, ५०३ म्हणजे या क्षणी काम घ्यायला कोणी उपलब्ध नाही, आणि ५०४ म्हणजे वाट पाहण्याची मुदत संपली. पण हाच कोड मागच्या सर्व्हरनेही दिलेला असू शकतो आणि प्रॉक्सीने तो फक्त पुढे नेलेला असतो. एनजिनएक्समध्ये स्टेटस आणि अपस्ट्रीम_स्टेटस ही दोन क्षेत्रे शेजारी ठेवली की ५०३ चा उलगडा होतो: दोन्हीकडे ५०३ असेल तर उत्तर मागचे, आणि मागचे क्षेत्र रिकामे असेल तर मागे कोणाला विचारलेच गेले नाही. एचएप्रॉक्सीच्या लॉगमध्ये प्रत्येक ओळीत विनंती कशी संपली हे सांगणारी लहानशी अक्षरखूण असते. सगळे सुरळीत असेल तर तिथे नुसत्या आडव्या रेघा दिसतात. पहिले अक्षर शेवट कोणी किंवा कशाने केला ते सांगते, दुसरे कोणत्या टप्प्यावर झाला ते. या खुणांचा तक्ता छापून समोर ठेवावा.

एनजिनएक्सचा ४९९ हा त्याचा स्वतःचा कोड आहे: उत्तर मिळण्याआधीच वापरणारा जोडणी तोडून निघून गेला. आकडा ४०० च्या घरातला असल्यामुळे अनेक आलेखांत तो वापरणाऱ्यांच्या चुकांमध्ये मोजला जातो आणि कोणी तिकडे पाहत नाही. पण मागचा सर्व्हर मंदावला की सर्वांत आधी वाढतो तो हाच, कारण माणसे वाट पाहून कंटाळतात किंवा त्यांच्या ॲपची मुदत प्रॉक्सीच्या मुदतीआधी संपते. तो स्वतंत्र रेषेवर काढावा.

उलट दिशेचे उदाहरण ४०७ चे. प्रॉक्सीला नाव आणि पासवर्ड हवा असेल तर ब्राउझर पहिली विनंती त्याशिवाय करतो, ४०७ मिळवतो आणि मग ओळख देऊन परत येतो. म्हणून काही प्रमाणात ४०७ हे निरोगी कामकाजाचे लक्षण आहे. अचानक कित्येक पटींनी वाढले तरच ओळख तपासणाऱ्या यंत्रणेकडे पाहावे.

पायरी ६: मर्यादा कुठे आहेत ते आधीच शोधून ठेवा

प्रॉक्सी मंद होण्याचे कारण पुष्कळदा प्रोसेसर किंवा मेमरी नसते. कोणीतरी विसरलेली एखादी मर्यादा असते.

पहिली मर्यादा फाइल डिस्क्रिप्टरची, म्हणजे उघड्या फाइलीला किंवा जोडणीला यंत्रणा देते त्या क्रमांकाची. प्रत्येक उघड्या जोडणीला एक डिस्क्रिप्टर लागतो, आणि प्रॉक्सीला एका विनंतीसाठी दोन बाजूंच्या दोन जोडण्या लागतात. लिनक्सवर अनेकदा दिसणारी १०२४ ची मर्यादा तशीच राहिली, तर सुमारे ५०० वापरणाऱ्यांवर सेवा अडते. एनजिनएक्समध्ये प्रत्येक कामगार प्रक्रियेसाठी जोडण्यांची जी कमाल संख्या ठरवतात तिच्यातही मागच्या बाजूच्या जोडण्या धरलेल्या असतात. त्याच्या स्थितिपानावर स्वीकारलेल्या जोडण्या आणि हाताळलेल्या जोडण्या असे दोन आकडे येतात. दोन्ही एकसारखे असायला हवेत, आणि त्यांच्यात अंतर पडू लागले तर अशी एखादी मर्यादा गाठली गेली आहे.

दुसरी मर्यादा बाहेर जाणाऱ्या पोर्टची, म्हणजे प्रत्येक बाहेरच्या जोडणीला लागणाऱ्या क्रमांकाची, आणि ती मी फार मनस्ताप सोसून शिकलो. एका सेवेवर भर दुपारी ५०२ येऊ लागले. प्रोसेसर निवांत होता, मेमरी मोकळी होती, मागचा सर्व्हर थेट विचारला की तत्काळ उत्तर देत होता. दोन तास आम्ही मागच्या सर्व्हरच्या लोकांशी वाद घालत बसलो. शेवटी प्रॉक्सीचा एरर लॉग शांतपणे वाचला तेव्हा त्यात ९९ क्रमांकाची एकच चूक पुन्हा पुन्हा दिसली: 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस'. आदल्या दिवशीच्या बदलात मागच्या बाजूच्या जोडण्यांचा पुनर्वापर अनवधानाने बंद झाला होता, त्यामुळे प्रत्येक विनंतीला नवी जोडणी लागत होती. लिनक्स बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी मुळात ३२७६८ ते ६०९९९ एवढेच पोर्ट वापरते, म्हणजे २८२३२. आणि जी बाजू जोडणी आधी बंद करते तिच्याकडे तो पोर्ट टाइम-वेट या, बंद झालेली जोडणी काही काळ राखून ठेवणाऱ्या अवस्थेत ६० सेकंद अडकून राहतो. एका पत्त्यावरून एकाच सर्व्हरच्या एकाच पोर्टकडे जायचे असेल तर भागाकार सरळ आहे: सेकंदाला सुमारे ४७० नव्या जोडण्या. आमची वाहतूक त्या दुपारी त्याच्या थोडी वर गेली होती. तेव्हापासून टाइम-वेटमधल्या जोडण्यांची संख्या माझ्या प्रत्येक आलेखफलकावर असते, आणि लिनक्सच्या एसएस या आज्ञेने ती क्षणात मिळते.

तिसरी मर्यादा स्वीकारण्याच्या रांगेची. नव्या जोडण्या प्रोग्रामने उचलेपर्यंत कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) एका रांगेत थांबतात. तिची कमाल लांबी लिनक्सच्या ५.४ या आवृत्तीपासून ४०९६ आहे, त्याआधी ती १२८ होती. प्रोग्रामने स्वतः याहून लहान रांग मागितली असेल तर तीच लागू होते. रांग भरून वाहिल्याची मोजणी कर्नल ठेवते, पण प्रॉक्सीच्या लॉगमध्ये त्याचा मागमूस नसतो, कारण त्या जोडण्या प्रॉक्सीपर्यंत पोहोचलेल्याच नसतात.

प्रोसेसर पाहताना सगळ्या कोअरची बेरीज पाहू नये. आठ कोअरपैकी एक पूर्ण भरला आणि बाकीचे रिकामे असले तर एकूण वापर साडेबारा टक्के दिसतो, आणि त्या एका कोअरवरच्या विनंत्या मात्र ताटकळत असतात. टीएलएसची नवी बोलणी हे सर्वांत जड काम असल्यामुळे नव्या जोडण्यांचा दर आणि प्रत्येक कोअरचा वापर एकाखाली एक ठेवून पाहावेत.

किती जोडण्या एकाच वेळी चालू असतील याचा अंदाज जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमाने येतो: सेकंदाला येणाऱ्या विनंत्या गुणिले प्रत्येकीला लागणारा सरासरी वेळ. सेकंदाला २०० विनंत्या आणि ०.२५ सेकंद असतील तर एका वेळी सरासरी ५० विनंत्या चालू असतात. मागचा सर्व्हर मंदावून प्रत्येकीला ५ सेकंद लागू लागले, तर वाहतूक तेवढीच राहूनही ही संख्या १००० वर जाते. मर्यादा ठरवताना नेहमीचा दिवस न धरता हा वाईट दिवस धरावा. याच नियमात सरासरीला तिचे योग्य स्थान आहे.

पायरी ७: साठवण असेल तर

प्रॉक्सी प्रतिसाद साठवून ठेवत असेल तर साठ्यातून किती टक्के विनंत्या भागल्या आणि किती टक्के बाइट भागले, हे दोन आकडे वेगळे ठेवावेत. लहान चित्रे साठ्यातून आणि मोठ्या फाइली बाहेरून येत असतील तर पहिला आकडा चांगला आणि दुसरा वाईट असतो. वेळेची पर्सेंटाइलही साठ्यातल्या आणि बाहेरच्या प्रतिसादांसाठी स्वतंत्र काढावीत. नाहीतर साठा रिकामा झाल्याच्या दिवशी सर्व्हर मंदावल्याचा भास होतो. फॉरवर्ड प्रॉक्सीवर एचटीटीपीएसचे बोगदे साठवता येत नाहीत, त्यामुळे तिथे हे प्रमाण कमी दिसले तर दचकू नये.

पायरी ८: आकडे गोळा करण्याची सोय

आकडे साठवणारा प्रॉमिथियस आणि त्यांचे आलेख काढणारे ग्राफाना ही जोडी या कामासाठी सर्वत्र वापरली जाते. प्रॉमिथियसची सुरुवात २०१२ मध्ये साउंडक्लाउडमध्ये झाली. ठरावीक अंतराने तो प्रत्येक सेवेकडे जाऊन आकडे वाचून आणतो. एचएप्रॉक्सीमध्ये २.० आवृत्तीपासून त्याला हवे तसे आकडे देण्याची सोय आहे, एनजिनएक्स आणि स्क्विडसाठी मध्ये एक लहान एक्स्पोर्टर, म्हणजे आकडे प्रॉमिथियसला हव्या त्या रूपात देणारा प्रोग्राम, चालवावा लागतो. वाचनाचे अंतर १५ सेकंदांचे ठेवावे. मिनिटाच्या अंतराने वाचले तर वीस सेकंदांची उसळी आलेखात सपाट होऊन जाते.

विनंत्यांची संख्या हा सतत वाढणारा मोजणीअंक असतो आणि प्रॉक्सी पुन्हा सुरू झाली की तो शून्यावर येतो. त्यामुळे आलेख नेहमी त्याच्या वाढीच्या दराचा काढावा. प्रॉमिथियसचे रेट हे फंक्शन मधली घसरण ओळखून हिशोब सांभाळते. लेबलमध्ये, म्हणजे आकड्याला जोडलेल्या ओळखखुणेत, पूर्ण पत्ते किंवा वापरणाऱ्यांचे आयपी कधी घालू नयेत, कारण प्रत्येक नव्या मूल्यागणिक एक नवी मालिका तयार होते आणि काही दिवसांत देखरेख करणारे मशीनच मेमरी संपून कोसळते. ती माहिती लॉगमध्येच शोभते. सर्व मशीनची घड्याळे एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने, जुळवलेली असावीत. प्रॉक्सीचा आणि मागच्या सर्व्हरचा लॉग शेजारी ठेवून वाचताना दोन सेकंदांचा फरकही दिशाभूल करतो.

पायरी ९: सूचना कशाबद्दल याव्यात

रात्री माणसाला उठवणारी सूचना वापरणाऱ्याला जाणवणाऱ्या त्रासाबद्दलच असावी: चुकांचे प्रमाण, ९९ वे पर्सेंटाइल, बाहेरून होणाऱ्या तपासणीचे अपयश. प्रोसेसर ८० टक्क्यांवर गेला आणि सगळ्या विनंत्या वेळेत होत आहेत, तर झोपमोड करण्यासारखे त्यात काही नाही. डिस्क्रिप्टर किंवा पोर्ट संपत आल्याची सूचना मात्र याला अपवाद आहे, कारण त्या मर्यादा हळूहळू जाणवत नाहीत. भरल्या की सेवा एकदम थांबते. ७० टक्क्यांवर कामाच्या वेळेत सूचना मिळेल अशी व्यवस्था करावी.

चुकांचे प्रमाण किती असले तर चालेल हे सेवा वापरणाऱ्यांशी बोलून ठरवावे. ३० दिवसांत ९९.९ टक्के उपलब्धता म्हटली तर बंद राहण्यासाठी ४३ मिनिटे हाताशी राहतात. तो आकडा समोर असला की सूचना किती घाईची ठेवायची याचा वाद मिटतो. एका क्षणाच्या उसळीवर सूचना देऊ नये. स्थिती सलग काही मिनिटे टिकली तरच ती सुटावी. वाहतूक अगदी कमी असताना दहातल्या दोन चुकाही २० टक्के होतात, म्हणून प्रमाणासोबत किमान संख्येची अटही घालावी.

पायरी १०: लॉगची राखण आणि बदलांच्या खुणा

प्रॉक्सीच्या लॉगमधून कोणी काय वाचले, काय शोधले हे कळू शकते. स्क्विड पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा भाग मुळातच गाळून लिहितो. ती सोय बंद करू नये, आणि इतर प्रॉक्सींवर ती स्वतः करून घ्यावी, कारण त्या भागात टोकन आणि वैयक्तिक माहिती सापडते. कच्चे लॉग किती दिवस ठेवायचे आणि कोणाला पाहता येतील हे लिहून ठेवावे. डिस्क भरली की काही प्रॉक्सी कामच थांबवतात, म्हणून लॉग फिरवण्याची व्यवस्था पहिल्याच दिवशी तपासावी.

दोन आठवडे सगळे सुरळीत चालले असताना दिवसाच्या वेगवेगळ्या वेळांचे आकडे टिपून ठेवावेत: सेकंदाला विनंत्या, ५० वे आणि ९९ वे पर्सेंटाइल, दोन्ही बाजूंच्या जोडण्या, टाइम-वेटची संख्या. त्यानंतर सेटिंगमधला प्रत्येक बदल, प्रत्येक नवी आवृत्ती, मागे जोडलेला प्रत्येक सर्व्हर ग्राफानाच्या आलेखावर उभ्या रेघेने नोंदवावा, वेळेसह आणि बदल करणाऱ्याच्या नावासह. पोर्ट संपल्याच्या त्या दुपारी अशी एक रेघ आदल्या संध्याकाळच्या जागी असती, तर टाइम-वेटची चढण तिच्यापासूनच सुरू झालेली आम्हाला पहिल्या पाच मिनिटांत दिसली असती.